थांबवलेली दवंडी

ता. ४ जून १९३४

तीर्थरूप गेनबादाजी यांस सावळारामचा शिरसाष्टांग दंडवत.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. अक्काला जाऊन आज बावीस दिवस झाले. तिकडे पासलीला शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले असतील. पोरं जेवतात ना? मी दिवसकार्याला आलो नाही. नगरपालिकेची कामं आडवी आली असं कळवलं होतं. कामं नव्हती.

तुम्हाला माझं कौतुक फार. सहा वर्षं मुंबईच्या कौन्सिलात बसलो, तुमच्या खोऱ्यासाठी दवाखाना मागितला, तो मिळाला नाही, तरी तुम्ही गावभर सांगत सुटलात, "आमचा मेव्हना सायबाफुडं उभा ऱ्हाऊन बोलतोय." मग इथला नगराध्यक्ष झालो. मिरवणुकीचं आमंत्रण मीच धाडलं. अक्का तुमच्या शेजारच्या अंबूबाईला सोबत घेऊन आली. वेल्ह्यापर्यंत पायी, नसरापूरपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार. मला ओवाळताना म्हणाली, "सावळ्या, लई बारीक झालास रं. जेवतुस का न्हाई?" नगराध्यक्षाला चारचौघांत सावळ्या म्हटल्याचा मला राग आला. हेही सांगून टाकतो.

तुमचं पत्र काल पोचलं. अंबूबाईनं वाटेत करणी केली, दोघी मिरवणुकीला गेल्या आणि एकटी तीच धडधाकट राहिली, म्हणून गावानं तिला वाळीत टाकलंय. पाणवठ्यावर येऊ देत नाहीत. अमावास्येला तिचं घर मोडणार. हे वाचून मी ताटावरून उठलो.

दाजी, करणी नव्हे. अक्का पटकीनं गेली. पटकी इथल्या चौकातल्या हौदात होती आणि ते मला ठाऊक होतं.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी आमचे डॉक्टर घरी आले. म्हणाले, तीन माणसं गेली, हौद बंद करा, दवंडी पिटवा. मी म्हटलं, तीन दिवस थांबा. दवंडी पिटली असती तर रस्त्यावर चिटपाखरू दिसलं नसतं. कौन्सिलात माझ्याकडे कुणी वळून पाहत नव्हतं. इथे लोक हार घेऊन उभे होते. मला ती गर्दी हवी होती. डॉक्टर बिचारे हात चोळत गेले.

अक्का त्याच हौदावर पाणी प्यायली. मी घोडागाडीतून पाहिलं. हाक मारता आली असती. मारली नाही, कारण वाजंत्री चालू होती आणि माझ्या शेजारी मोठी माणसं बसली होती. अंबूबाईही प्यायली असेल. ती नशिबानं वाचली, तिचा गुन्हा एवढाच.

हे पत्र मास्तरांकडून चावडीवर वाचून घ्या, घरात नको. अंबूबाईला पुढे बसवा. अमावास्येच्या आत वाचा. तिथे वाचलेलं आठवड्यात इथे पोचेल, मग ही खुर्ची राहणार नाही, कदाचित खटलाही होईल. माझी कीव करून मास्तरांना एकही ओळ गाळायला सांगू नका. मी स्वतः यायला हवं होतं. दोनदा मोटारीच्या अड्ड्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. भेकड माणूस आहे मी.

पोरांना मामाचा आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. त्यांनाही चावडीवर आणा. आपली आई कुणामुळे गेली, हे त्यांना अंबूबाईच्या देखत कळू द्या.

ठकुबाईचा भाऊ,
सावळाराम