वरच्या उताराचं पाणी

३ डिसेंबर
संकल्प: वरच्या उतारावरच्या वेलींना पाणी द्यायचंच. बाबांनी चाळीस वर्षं दिलं नाही. म्हणे, दगडाळ जमिनीत मूळ तहानलेलं राहिलं की खोल जातं, दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गार वारा खाऊन मणी बारीक राहतो, आणि वाइनला धार येते. मी द्राक्षशेतीचा कोर्स केलाय. ठिबकच्या नळ्या टाकल्या. यंदा माल दुप्पट. आई म्हणाली, हे असते तर... वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

४ डिसेंबर, सकाळी ७
पंपाच्या खोलीतला व्हॉल्व्ह बंद. काल मी स्वतः उघडला होता. प्रेशरचा प्रॉब्लेम.

९ डिसेंबर
पुन्हा बंद. प्रेशरने चाक फिरत नाही, हे कोर्समध्येच शिकवलं होतं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी खोकून आत गेलो.

१५ डिसेंबर
कुलूप लावलं होतं. कुलूप जागच्या जागी, व्हॉल्व्ह बंद. गेल्या वर्षी बाबा गेले, त्याच्या आदल्या आठवड्यात आमचं याच पाण्यावरून वाजलं होतं. नंतर बोलणंच झालं नाही. ते फार हट्टी. मी अजिबात नाही. व्हॉल्व्ह उघडला.

२ जानेवारी
खोलीत उभं राहून त्यांना सगळं समजावलं. ऊन वाढलंय, पाऊस बेभरवशाचा झालाय, तुमचं गणित आता चालायचं नाही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. जिवंतपणी हे कधी घडलं नव्हतं.

२० जानेवारी
बंद. बरं वाटलं. (खोडणे.) हल्ली रोज सकाळी अर्धा तास गप्पा. संध्याकाळी व्हॉल्व्ह आठवणीने उघडून येतो. वेलींसाठी.

२८ फेब्रुवारी
तोडणी. दुप्पट सोडा, सव्वापटही नाही. काही घड फुगलेले, काही बारीक. रस पाणचट. दोष हवामानाचा.

३ मार्च
आईला रस चाखायला दिला. छान आहे म्हणाली, तेव्हाच कळलं की नाहीये. मग सांगूनच टाकलं, की बाबा येतात. रोज येऊन पाणी बंद करतात. माझ्यावर राग राहिलेला नाही.
ती म्हणाली की कुलपाची दुसरी किल्ली तिच्याकडे आहे. व्हॉल्व्ह तीच बंद करायची, वेली बिघडू नयेत म्हणून. बंद करून झाल्यावर तीही तिथे थोडा वेळ थांबायची. कोणी येत नाही रे, म्हणाली.

४ मार्च, सकाळी ७
तोडणी झालेली, पाण्याची काही गरज नव्हती. तरी काल संध्याकाळी जाऊन उघडून आलो होतो.
व्हॉल्व्ह चालूच होता.