टोस्ट, जॅम आणि ऊनाचं तळं

बॅलरॅट, ११ जानेवारी २०११

चि. नेव्हिल यास मर्लचे अ. उ. आ.

पूर ओसरल्यापासून तुमच्या नदीकाठचे रानससे मिक्सोच्या साथीने मरताहेत, असं कालच्या वर्तमानपत्रात वाचलं. म्हणून हे पत्र. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि आलं तरी पटत नाही. लिहिलेलं निदान पुन्हा वाचशील.

माझा पाय प्लास्टरात, म्हणून नातीचे ससे तुझ्याकडे पाठवावे लागले. टॅम्सिन सुट्टीसाठी बापाकडे गेली आहे. शाळा उघडण्याआधी दोघेही परत देईन, असा शब्द मी तिला दिलाय. मिक्सो डासांमुळे पसरतो आणि त्याची लस ऑस्ट्रेलियात मिळत नाही. रानससे कमी करायला सरकारनेच त्यांच्यावर हा रोग सोडलेला. आपल्या टोस्ट आणि जॅमची पर्वा कोण करणार?

आणि तुझ्या अंगणात तळं! ऊना होती तोवर मी बोलले नाही, पण बायकोची आठवण म्हणून डास पाळायचे नसतात. ससे घरात घे आणि तळ्यात वाटीभर रॉकेल ओत. आई पावसाच्या पाण्याच्या टाकीत चमचाभर टाकायचीच, आपण काही मेलो नाही.

जीव आहे म्हणून ओरडते, हे ध्यानात असू दे.

मर्ल


एचुका, १५ जानेवारी

ती. मर्लताईस सा. न.

पत्र पोचलं. कानात यंत्र नव्हतं, तरी सगळं स्वच्छ ऐकू आलं.

रॉकेल ओतणार नाही. ऊनाने शेवटच्या वर्षी खुर्चीत बसून, मला हुकूम सोडत खणून घेतलेलं तळं आहे ते. बेडूक आणि पाणकिडे अळ्या खातात, डास शिल्लक राहतील कुठून? ससे पाण्यात पडू नयेत म्हणून काठाने तारेची जाळी लावली आहे, आणि कोल्ह्यासाठी खुराड्याला दुहेरी कडी. तळ्यात नळाचं पाणीसुद्धा थेट सोडत नाही. क्लोरीन बेडकांना सोसत नाही, म्हणून टपांत भरून आठवडाभर उघडं ठेवतो आणि मग ओततो. टप खुराड्याला लागूनच, अंजिराच्या सावलीत आहेत. सशांनाही गारवा मिळतो. सांग आता, काय चुकलं?

ससे घरात घेणं जमायचं नाही. टोस्टने पहिल्याच दिवशी रेडिओची वायर खाल्ली. तो मजेत आहे. जॅम आज जरा मलूल वाटतो, एका डोळ्याला चिकटा आलाय. उन्हाने असेल.

तुझा धाक आणि माया, दोन्ही चालू ठेव.

नेव्हिल


बॅलरॅट, १९ जानेवारी

चि. नेव्हिल, अ. आ.

ऊन नव्हे ते. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू मला कसलीतरी विक्रेती समजून 'नको, नको' म्हणत ठेवून दिलास. म्हणून जलद टपालाने लिहिते.

पत्र हातात पडताच जॅमला डॉक्टरकडे ने. चहा नंतर पी. टोस्टला त्याआधी घरात घे, जाळीखाली. वायरी खाल्ल्या तर खाऊ दे.

मग एक पांढरा कप घे. बागेत जिथे जिथे पाणी साठलंय, तिथलं थोडं थोडं काढून उजेडात धर. मी वर्गात मुलींकडून हेच करून घ्यायचे. मला तळ्याला दोषी ठरवायची घाई झाली असेल, पण तुला त्याला निर्दोष सोडायची झाली आहे. दिसेल ते लिही. दिसावंसं वाटतं ते नको.

तुझ्याच काळजीत,
मर्ल


एचुका, २३ जानेवारी

ती. ताईस सा. न.

जॅम गेला. दोन्ही डोळे मिटले होते, डोकं सुजलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाचायचा नाही, हाल नका करू. सुई दिली तेव्हा मी त्याला धरून होतो. टोस्ट ऊनाच्या मच्छरदाणीखाली आहे. खातोय, पण आणखी दहाएक दिवस भरवसा नाही म्हणतात.

कप भरून पाहिले. तळ्यात बेडकांची पिल्लं, पाणकिडे. अळी एकही नाही. टपांत मात्र इतकी वळवळ की कपाचा तळ दिसेना. बेडकांना चांगलं पाणी मिळावं म्हणून मीच डास वाढवले, आणि सशांना नेऊन त्यांच्याशेजारी ठेवलं.

टप उपडे केले. तळ्याकाठी मातीही आणून टाकली आहे, महिनाअखेर बुजवतो. तळंच नसतं तर टप कशाला असते? टॅम्सिनला तूच सांग. माझ्याने होणार नाही.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

नेव्हिल


बॅलरॅट, २७ जानेवारी

चि. नेव्हिल, अ. आ.

फावडं खाली ठेव. बेडकांनी काय केलंय? माझं ऐकून रॉकेल ओतलं असतंस तर त्यांची पिल्लं मेली असती आणि टप जागच्या जागी राहिले असते. हे मी लिहून देते, जपून ठेव. टपांना बारीक जाळीची झाकणं शिव, घट्ट.

टॅम्सिन परत आली. जॅम गेल्याचं मी सांगितलं, कारण शब्द माझा होता. कसा गेला ते तू सांगायचं, तोंडाने. ती रोज विचारते, टोस्ट खातोय का. मी रोज म्हणते, ठाऊक नाही. बुधवारी सून गाडीने आम्हाला आणते आहे. पळून जाऊ नकोस.

मर्ल


एचुका, बुधवार, २ फेब्रुवारी

नेव्हिल, तू बाहेर टॅम्सिनपाशी आहेस, म्हणून ही देवाणघेवाणीची नोंद तुझ्याच टेबलावर लिहून ठेवते.

टपांचं तू तिला न अडखळता सांगितलंस. तिने विचारलं, एवढं शिकलेली आजी आणि एवढे बेडूक पाळणारे आजोबा, दोघांपैकी एकालाही टप दिसले नाहीत का? योग्यच विचारलं.

नेव्हिलने टॅम्सिनच्या हाती दिलं: टोस्ट, जिवंत, डोळे स्वच्छ. पिंजरा, त्यावर ऊनाची मच्छरदाणी, चारही कडा शिवलेल्या. जॅमचा पाण्याचा वाडगा, धुतलेला.

टॅम्सिनने नेव्हिलच्या हाती दिलं: वाडगा, परत. बेडकांना सावलीला बसायला तळ्याकाठी ठेवा म्हणाली. पालथा.