नाकारलेल्या नाण्यांचा डबा

४ मार्च, मंगळवार

कोपऱ्यावरचा घड्याळजी घड्याळं दुरुस्त करतो आणि जुनी नाणीही पारखतो; त्यानं आज भर दुकानात माझी अक्कल काढली. दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. "आजी, ही नाणी घासली कुणी?" मी म्हटलं, मी घासली, लिंबू-मीठ लावून. आरशासारखी केली. तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "पन्नास वर्षांचा रंग तुम्ही पाच मिनिटांत धुतलात. आता जमवणारा माणूस यांना हात लावणार नाही." अरे, घाण ती घाण. तिला रंग कधीपासून म्हणायला लागले? पन्नास वर्षांचा रंग तर माझ्या तोंडावरही आहे, तो मी रोज सकाळी धुतेच की.

सात नाणी वाया गेली. डब्यात अजून दोनशेच्या वर आहेत. त्यांना पाणी लावलं नाही ते बरं.

ही वही नातीनं दिली. म्हणाली, नाण्यांची नोंद ठेव. ठेवीन. जे मला बोलतील त्यांचीही ठेवीन.

७ मार्च, शुक्रवार

डब्याची हकीकत लिहून टाकते. सायकल स्टँडवर मी एकतीस वर्षं बसले. एका सायकलीला एक नाणं. काही नाणी अशी यायची की सुट्टे म्हणून परत दिली तर कुणी घ्यायचं नाही. चित्र सरकलेलं, कड चेपलेली, एकाची तर एक बाजू साफ कोरी. "बाई, हे खोटंय, बदलून द्या." मालक पगारातून कापायचा, मी नाणं घरी आणायची. आमचा म्हातारा म्हणायचा, "कचरा कशाला साठवतेस?" आणि आता घड्याळजी सांगतो, शौकीन लोक हाच कचरा शोधत हिंडतात. टांकसाळीत यंत्र चुकलं की असं नाणं निघतं, हजारांत एखादं.

यंत्राची चूक, आणि पगार कापला माझा!

१५ मार्च, शनिवार

घड्याळजीनं डोळ्याला लावायचं भिंग दिलं. शिकवतो बरा, फक्त आधी ओरडतो. नाणं कडेनं धरायचं, तोंडावर बोट टेकवायचं नाही. कड सगळी फिरवून बघायची. मग बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच वाजवायचं. एकसंध नाणं लांबपर्यंत गातं. जोडलेलं असलं की थड् करून गप्प बसतं.

मला पाठमोरी बसवून त्यानं दहा नाणी वाजवली. दहाही ओळखली.

"आजी, हे कान कुठून आणलेत?"

एकतीस वर्षं गल्ल्यात नाणी पडताना ऐकली. आणखी कुठून आणणार?

२ एप्रिल, बुधवार

सरकलेल्या चित्राची अकरा. दोनदा उमटलेल्या सालाची चार. कोरं एक. बाकीची नुसती चेपलेली. घड्याळजी ती बाजूला काढणार, त्याआधी मीच काढली. त्यानं आपल्या चहातला अर्धा मला दिला. त्याची शाबासकी म्हणजे एवढीच.

भिंग लावून बसले तर भाजी करपली. म्हातारा तक्रार न करता जेवला. त्याला वास येत नाही.

२० एप्रिल, रविवार

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन आहे. मला एक टेबल दिलंय. टेबलाशी घरचं एक माणूस उभं राहून विचारेल त्याला उत्तर देईल, असा नियम. मी उभी राहणार म्हटलं तर म्हातारा हसला.

"अगं, तिथे शिकलेली माणसं येणार. तू काय सांगणार? नातीला उभी कर, ती कॉलेजात जाते."

"अहो, नाणी माझी आणि तोंड तिचं?"

नात म्हणाली, "आजोबा, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग टाकू या नाणं," म्हातारा म्हणाला. "छापा माझा."

लग्न झाल्यापासून आमच्या घरात वाद असा मिटतो. त्यानं जपून ठेवलेलं एक जुनं विलायती नाणं आहे. एकीकडे राजा, दुसरीकडे जहाज. राजा त्याचा, जहाज माझं. चहा कुणी करायचा यात तो पुष्कळदा हरतो. मोठ्या गोष्टींत मी हरते. घर बदलायचं की नाही, मी हरले. रात्रशाळेत दोघांतून एकालाच जाता येणार होतं, पोराजवळ कुणीतरी हवं होतं. मी हरले. तो शिकला, कारखान्यात धातू कातायच्या लेथवरून उठून फोरमनच्या खुर्चीत बसला. मी अक्षरं सायकलींच्या पावत्यांवरून जुळवली. कुरकुर कधी केली नाही. नाणं पडलं ते पडलं.

तर आज त्यानं उडवलं. एरवी हवेतच झेलतो, आज झेल सुटला. फरशीवर पडलं. राजा वर. झडप घालून उचललं आणि खिशात टाकलं. "बघितलंस ना?"

बघितलं. ऐकलंही. थड् करून गप्प बसलं ते.

२१ एप्रिल, सोमवार

म्हातारा आंघोळीला गेला तशी मी त्याची दाढीची पेटी उघडली. तळाशी फडक्यात दोन नाणी. एकावर राजा आणि जहाज. दुसऱ्यावर राजा. उलटं केलं. राजा.

भिंग लावलं. कडेच्या आतल्या अंगानं केसाएवढी रेघ, गोल फिरून जिथल्या तिथे मिळालेली. एक नाणं आतून कोरायचं, दुसरं घासून पातळ करायचं आणि त्यात बसवायचं. म्हणजे चहाला एक नाणं होतं आणि मोठ्या गोष्टींना दुसरं.

घड्याळजीकडे नेलं. कुणाचं ते सांगितलं नाही. त्यानं भिंग लावून कड सगळी फिरवली. "ही टांकसाळीची चूक नाही, आजी. मुद्दाम केलंय. पण हात काय सुरेख आहे! मुरलेल्या लेथवाल्याचं काम." मी म्हटलं, माहीत आहे मला. त्याचा चहा प्यायले आणि घरी आले. नाणं माझ्या कनवटीला.

संध्याकाळी म्हातारा पेटी दोनदा उपसून बसला.

"अहो, काय हरवलं?"

"काही नाही. ब्लेड."

मी त्याला नवं ब्लेड काढून दिलं.

२४ एप्रिल, गुरुवार

आज तिसऱ्यांदा ब्लेड शोधलं. दाढी मात्र तशीच.

२६ एप्रिल, शनिवार

टेबल मांडून आले. मधोमध राजा-राजा, खाली आरसा, म्हणजे दोन्ही तोंडं दिसतात. चिठ्ठी माझ्या अक्षरात: हे नाणं माझ्या नवऱ्यानं केलं. आमच्या रात्रशाळेचा निकाल नाणं टाकूनच लागला होता. हे त्याच्या आधी केलं की नंतर, ते भिंगातून दिसत नाही.

टेबलाशी मी बोलायचं नाही असं नाणं पडलं होतं. ठीक. मी समोरच्या बाजूला, लोकांच्यात उभी राहणार. पहिला प्रश्न माझा, तोच: आधी की नंतर? घड्याळजीनं मधे पडायचं नाही, नातीनं तोंड उघडायचं नाही. टेबलामागे उभं राहून उत्तर म्हाताऱ्यानंच द्यायचं.