दुसऱ्यांदा लावलेला कौल

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळे एमबीएची प्रवेश परीक्षा वगैरे तुमच्या कानावर कधी आलंच नाही. गेल्या वर्षी मी ती दिली आणि सपशेल आपटले. पुन्हा द्यायची की नाही, यावर परवापर्यंत डोकं पिकवत बसले होते. इथे दिघी बंदरातल्या ऑफिसात माझ्याकडून काम शिकलेली पोरं ती डिग्री घेऊन येतात आणि माझेच साहेब होतात. ते आता सोसत नाही. आई म्हणते, "एकदा झाली ना हौस? नोकरी हाय, गप ऱ्हा." आणि खरं सांगू, पुन्हा आपटले तर आरशात बघायचीसुद्धा मला भीती वाटते.

तुम्ही असतात तर कौल लावला असतात. गावच्या देवीचे गुरव तुम्ही. अजून डोळ्यांसमोर येतं: देवळात पहाटेचा गारवा आहे, देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवून तुम्ही मान खाली घालून उभे आहात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. फूल पडायच्या जरा आधी तुम्ही घसा खाकरायचात, नेहमी आधीच, आणि मला वाटायचं, तुम्हीच ते पाडता. एकदा डावा कौल आला म्हणून शेजारवाडीची एक बाई रडायला लागली, परत लावा म्हणाली. तुम्ही ऐकलं नाहीत. ती गेल्यावर मीच पाटावर चढून फुलं लावू लागले, तर माझं मनगट असं धरलंत की वळ उठले. "एकदा इचारलं, झालं. दुसऱ्यांदा देवी न्हाय बोलत. दुसरंच कोन तरी बोलतं." मग विहिरीवर नेऊन माझे हात कोपरापर्यंत धुतलेत.

तुमच्यामागे देवीची पूजा काकांकडे आली. परवा सोमवारी त्यांनी माझ्या परीक्षेसाठी कौल लावला. डावं फूल पडलं, तेही चटकन. "नको देऊस, बाय," म्हणत काका पाणी काढायला गेले. गाभाऱ्यात मी एकटीच. मी फुलं ओली केली आणि पुन्हा लावली. वारा नव्हता, समईची ज्योत हलत नव्हती. माझ्या पाठीमागे, अगदी कानाशी, कुणी तरी घसा खाकरला. मग उजवं फूल पडलं. वळून बघायचा धीर झाला नाही. बाहेर विहिरीवर काकांचा रहाट करकरतच होता.

फॉर्म भरलाय. आईला सांगितलं, देवीने उजवा दिला. हे पत्र कुठे टाकणार? राहील ऑफिसच्या खणात. परवा देवळातून निघताना विहिरीवर मी हात धुतले नाहीत. तुमचं ते बोलणं मी विसरले नव्हते. दुसऱ्यांदा मी देवीला विचारलंच नव्हतं, बाबा.