दम लागतो हे सांगायचं राहिलं

बाबा, दुपारचं जेवण झालंय आणि मला अजून बराच वेळ ताठ बसून राहायचं आहे, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. जेवण म्हणजे वाटीभर मऊ भात आणि वरणाचं पाणी. तुम्ही असतात तर ताटाकडे बघून म्हणाला असतात, ही काय चिमणी जेवते का? माझी अन्ननलिका काढून टाकली, त्याला वर्ष उलटून गेलं. जठर वर ओढून तिच्या जागी जोडलं आहे. डॉक्टर हसत म्हणाले होते, तुमचं पोट आता छातीत राहायला आलंय. भाडेकरू तसा बरा आहे, पण दोन घास जास्त झाले की फुप्फुसांना जागा देत नाही. खाल्लं की दम लागतो, जिना चढला की लागतो, फोनवर लांबलचक बोललं तरी लागतो.

सुरुवातीला श्वासाचे व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. ओठांचा चंबू करून दाखवायची आणि म्हणायची, "पहेलां छोडो मासी, लेवानुं तो एनी मेळे थशे." आधी श्वास सोडा, घेणं आपोआप होईल. मला हसू आलं, तिला कळेना का. मला एकदम तो दिवस आठवला: मी नववीत आहे, बाजव्याला तुमच्या कारखान्यात सेफ्टीचा कार्यक्रम आहे, आणि तुम्ही आग विझवणाऱ्यांचा तो मुखवटा माझ्या तोंडावर बसवताय. रबराचा वास येतो, मी घाबरून भसाभसा हवा ओढते. सगळ्यांसमोर तुम्ही ओरडता, "अधाशासारखी ओढू नकोस! आधी सोड. आत जागाच केली नाहीस तर हवा जाणार कुठे?" मी मंडपामागे जाऊन रडले. मग तुम्ही मसाला सोडा घेऊन आलात आणि बाटली माझ्या हातात दिलीत. तेव्हा तो सोडा मी एका दमात प्यायले. आता तसं पिता येत नाही.

कारेलीबागेतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मधे थांबायचं तर निमित्त लागतं, म्हणून मी पर्समध्ये किल्ली शोधते. पहिल्या मजल्यावरच्या बेन दार उघडून तब्येत विचारतात, "केम छो? हवे तो एकदम सारुं ने?" मी म्हणते, "सारुं छे," म्हणजे बरं आहे. दोन शब्दांपुरता दम असतो, तेवढ्यात भागतं.

आता मुद्द्याचं सांगते. तुमच्या नातीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे तिने स्वतःहून धरून ठेवलंय, मी नाही. नाशिकला तिच्या सासूबाई सगळं करायला तयार आहेत. मागच्या आठवड्यात तिने फोनवर विचारलं, "आई, खरं सांग, झेपेल ना तुला? नाहीतर मी इथेच राहते." मी म्हटलं, "ये गं तू, मी ठणठणीत आहे." रविवारी ती येतेय. ह्यांनी मागची खोली रंगवून घेतली, बाळासाठी मच्छरदाणीही आणून ठेवली.

आणि काल मी लाडवांसाठी डिंक तळायला घेतला, तर पहिला घाणा फुलेपर्यंतसुद्धा मला उभं राहवेना. गॅस बंद केला आणि फ्रिजला पाठ टेकून फरशीवर बसले. हे आजचं नाही. गेले काही आठवडे दम आधीपेक्षा लवकर लागतोय. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, असं झालं तर वाट बघू नका, या. कदाचित जोडलेली जागा आवळली असेल, ती रुंद करतात म्हणे. कदाचित ते परत आलं असेल, ज्याचं नाव आम्ही घरात घेत नाही. हे आत आले, म्हणाले, "खाली काय बसलीस?" "डब्याचं झाकण शोधतेय," मी म्हटलं. मग बिचारे तेही गुडघे टेकून ओट्याखाली झाकण शोधू लागले.

मला भीती वाटायला हवी. वाटत नाही. काहीच वाटत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत हे चाललंय असं वाटतं.

तुमच्या तेराव्याला तुमच्या हाताखालचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी सांगितलं, "साहेब शेवटी शेवटी दम लागतो म्हणून शिडी चढायचे नाहीत. खालूनच सूचना द्यायचे. घरी बोलू नका म्हणायचे." आई तोवर तुम्हाला भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढायला लावत होती. तिने ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मला तुमचा इतका राग आला बाबा. एका शब्दाने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं, असं मी तुमच्या फोटोला कितीदा विचारलंय. आता कळतं, न सांगण्यात धीर वगैरे काही नसतो. कुणी विचारतं, आपण बरं आहे म्हणतो, विचारणारा सुटतो आणि आपण खाली बसतो. इतकं सोपं असतं ते. पण कळलं म्हणून राग गेला असं नाही. माझ्या लेकीलाही असाच राग येईल, तेही मला दिसतंय. तरी माझं तोंड उघडत नाही. तिने यावं, तिचं डोकं मी माझ्या हाताने विंचरावं, एवढं एकदा होऊ दे, मग बघू, असं मी रोज म्हणते.

आत्ताच हे डोकावून गेले. "काय लिहितेस एवढं?"

"काही नाही, असंच."

"बरं वाटतंय ना?"

"हो."

ते गूळ आणायला खाली उतरले, शीळ घालत. खुशीत आहेत.

हे पत्र फाडून टाकीन. सांगण्यासारखी माणसं घरात आहेत, ऐकून घेतील अशीही आहेत. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.