पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता

जव्हार, गुरुवार, ऑगस्ट २००१

वसंताने असं का करावं? संध्याकाळपासून तेवढंच डोक्यात आहे.

ऑफिसातल्या नव्या सर्व्हरवर कुपोषित बाळांच्या नोंदींचा डेटाबेस आम्ही दोघांनी मिळून बसवला. सारखी वीज जायची, अर्ध्यावर आलेलं काम पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवडे तो कंटाळला नाही. पासवर्ड म्हणून माझ्या मुलीचं नाव ठेवू, असं तोच म्हणाला होता. तो दोघांनाच ठाऊक.

आज सूर्यमाळच्या अंगणवाडीच्या जानीबाई आल्या. चौथ्या श्रेणीतल्या, म्हणजे अगदी खंगलेल्या, सात बाळांची वजनं त्यांनी कळवली होती.

"भाऊ, डाक्टर आजून नाय आला. यादीत पोरांची नावां नाहीत, सांगतात."

मी यादी उघडली. सातही जणांची वजनं वाढलेली, म्हणून नावं चौथ्या श्रेणीतून गेलेली. बदल काल दुपारचा, मी मोखाड्याला गेलो होतो तेव्हाचा.

वसंताला विचारलं. "साहेबांनी सांगितलं, चौथ्या श्रेणीचा आकडा कमी दिसायला हवा. तू केलं नसतंस, म्हणून तुला बोललो नाही," म्हणाला आणि माझ्यापुढे चहा सरकवला. माझ्या मुलीचं नाव टाइप करताना त्याला काहीच वाटलं नसेल?

बॅकअपच्या टेपवर बदलाआधीची प्रत होती. तिच्यातून खरी यादी छापली, खाली सही केली आणि जानीबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते सकाळीच सूर्यमाळला निघणार आहेत. साहेब उद्या मला बोलावतील, बोलावू देत.

परतलो तेव्हा वसंता पायरीवर थांबला होता. रोज आम्ही बरोबर घरी जातो. आज मी त्याच्या समोरून एकटाच निघालो.