ठिपका नसलेली प्लेट

हवाना
३ एप्रिल २००४

प्रिय इदानिया,

माझं अक्षर ओळखून लिफाफा तसाच ठेवून देऊ नकोस. तुम्ही दोघी बऱ्या आहात असं धरून चालते. माझी आई एक्याऐंशीची झाली. गुडघे सोडले तर तिची तक्रार नाही. ती तुझी आठवण काढते आणि दर वेळी मला विचारते, हिबाराचा समुद्र इतका काय चांगला, की पोरगी सहा वर्षं इकडे फिरकली नाही. मी विषय बदलते. तुझ्या लेकीला, यामिलेला, माझा पापा दे, घेतला तर.

इकडे संस्थेची बस पुन्हा नियमित सुरू झाली आहे. माझी सायकल दोन वर्षं गॅलरीत उभी आहे. आईने तिच्यावर भोपळ्याचा वेल चढवला आहे. कॉफीत अजूनही भाजलेल्या वाटाण्यांची भेसळ असते. थोडक्यात, तू ओळखशील असंच सगळं आहे.

आता बातमी. डुकरांच्या तापाची लस झाली.

झाली म्हणजे पूर्ण झाली. आपलं यीस्ट तीनशे लिटरच्या टाकीत वाढतं आणि विषाणूचं ते प्रथिन स्वतःच बाहेर टाकतं. पेशी फोडाव्या लागत नाहीत. पाणी गाळलं की लसीचा माल हातात. गेल्या ऑगस्टमध्ये गुइराच्या बाजूला ताप आला. फेर्मिन नावाचा एक म्हातारा आहे, आमची चाचणी त्याच्याकडे चालू होती. त्याच्या शेजाऱ्याची सगळी डुकरं चार दिवसांत गेली. फेर्मिनची एकशे चाळीस टोचलेली होती. एकही पडलं नाही. मी कुंपणाशी उभी राहून ती खाताना ऐकत होते. इतका गलिच्छ आवाज मला इतका कधी आवडला नव्हता.

फेर्मिनने मला विचारलं, “बाई, हे औषध केलं कुणी?”

मी म्हटलं, यीस्टने. पावात घालतात तसलंच, आम्ही जरा बदललेलं.

“ते कळलं. पण त्याला शिकवलं कुणी?”

मी म्हटलं, आम्ही. त्याने दुसऱ्या दिवशी एका डुकरिणीचं नाव सोराइदा ठेवलं.

मला त्या वेळी तुझे बाबा आठवले. त्र्याण्णवला अकरा डुकरं एका आठवड्यात गेली आणि त्यांनी मागच्या अंगणात एकट्याने खड्डा खणला, तुम्हाला कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही, हे तू मला किती वेळा सांगितलंस. संस्थेत आलीस त्या पहिल्या दिवशी आपले प्रमुख डॉक्टर एवेलिओंनी विचारलं, तुला कशावर काम करायचं आहे, तर तू म्हणालीस, डुकरांवर. सगळ्यांना माणसांच्या रोगांवर काम हवं होतं. म्हणून तुझ्याबरोबर मला बसवलं, कारण मला कुठेच जागा नव्हती.

जानेवारीत पदक मिळालं. मोठ्या सभागृहात, माझ्या नावाने. बहिणीचे बूट घालून गेले होते, एक नंबर लहान. आई पहिल्या रांगेत रडली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

आता पेटंटचा अर्ज तयार होतो आहे. तीस मेला तो बाहेर जाईल. संशोधक म्हणून पाच नावं आहेत, पहिलं माझं. तुझं नाव नाही. डॉक्टर एवेलिओ म्हणतात की तू सत्त्याण्णवलाच सोडून गेलीस आणि प्लेटवर वाढवलेल्या तुझ्या यीस्टच्या सगळ्या वसाहती निकामी ठरल्या होत्या, तेव्हा प्रश्नच येत नाही.

एक काम होतं. तुझी ती शाळेची पिवळी वही, जिच्यात तू रोजचं कच्चं लिहायचीस, ती अजून आहे का? असेल तर पाठव. जुन्या नोंदी पूर्ण असाव्यात म्हणून मागते आहे, बाकी काही नाही. हे पत्र शेजारच्या मेर्सेदेसच्या मुलाबरोबर पाठवते. तो तुमच्या जवळच्या ओल्गीनला ट्रक नेतो. वही त्याच्याकडे दिलीस तर दोन दिवसांत पोहोचेल.

यामिलेच्या पंधराव्या वाढदिवसाचा निरोप मिळाला होता. तिची धर्माची आई म्हणून मी यायला हवं होतं. टाकीचं काम चालू होतं. त्या बैठकीत मी जे बोलले, त्याबद्दल कधीतरी लिहीन.

तुझी,
सोराइदा


हवाना
९ मे २००४

प्रिय इदानिया,

वही मिळाली. सोबत तुझी चिठ्ठी नव्हती. मी पिशवी उलटी करून पाहिली. पेरूच्या वडीचा एक तुकडा निघाला, कागदात बांधलेला, आणि त्यावर यामिलेच्या अक्षरात ‘धर्माच्या आईला’. वडी मी अजून फोडलेली नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी होती. वही जुन्या नोंदींसाठी नको होती. चौदा ऑक्टोबर सत्त्याण्णवच्या पानासाठी हवी होती, आणि त्या दिवशीची गोष्ट तू तिथे लिहिली नसशील अशी आशा होती.

तू लिहिली आहेस.

आता क्रमाने सांगते. गेल्या सप्टेंबरमध्ये अर्जासाठी यीस्टमधलं जनुक अक्षर-अक्षर वाचून आलं. सत्त्याण्णवला ते शक्य नव्हतं, आपण फक्त लांबी मोजू शकत होतो आणि तुझं जनुक आणि माझं जनुक लांबीला सारखंच होतं. माझं पुस्तकातल्यासारखं. तू सुरुवातीची सात अक्षरं बदलली होतीस, म्हणजे यीस्ट प्रथिन आत साठवून न ठेवता बाहेर टाकेल. डॉक्टर एवेलिओ म्हणाले होते, दारावरच्या पाटीत खाडाखोड केल्याने घरातलं सामान बाहेर येत नाही. तुला आठवतच असेल.

आलेला कागद मी टेबलावर ठेवून वाचला. सात अक्षरं बदललेली होती. आपल्या टाकीत सहा वर्षं वाढतंय ते माझं नव्हे. तुझं.

कसं झालं ते मला कागद न पाहताही सांगता आलं असतं. काचेच्या प्लेटा मोजून अकरा होत्या, म्हणून आपण दोघींनी एकच घेतली. खाली पन्नास घरांचा कागद. वरच्या पंचवीस घरांत मी माझ्या वसाहती टोचल्या, खालच्या पंचवीसमध्ये तू तुझ्या, तू खराट्याचे हीर तासून केलेल्या काड्यांनी. प्लेट गोल. वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळावं म्हणून कडेला तुझ्या बाटलीतला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचा, कारण पेनाची खूण धुण्यात जायची. हा ठिपका सगळ्या मजल्यावर फक्त आपण लावायचो. तुझी युक्ती.

चौदा ऑक्टोबरला ठिपका लावायचं माझ्याकडे होतं. बाटली रिकामी होती. आदल्या संध्याकाळी चुलतभावाच्या लग्नाला जाताना मी ती संपवली होती. दहाही नखं रंगवली, आणि घरी परत येईपर्यंत आनंदात होते.

सकाळी यामिलेला ताप होता, तू दवाखान्यात होतीस. मी एकटीने प्लेट घरांच्या कागदावर ठेवली आणि ठसा घेतला. वरचा अर्धा खाली, अशी उलटी ठेवली हे मला माहीत नव्हतं. सुलटी ठेवली हेही माहीत नव्हतं. सहा ठिकाणी प्रथिन बाहेर आल्याचे काळे डाग उमटले, सगळे माझ्या घरांत, बारा नंबर सगळ्यात गडद. तुझ्या पंचवीस घरांत काहीच नाही. मी नाचायचीच बाकी होते.

तू दुपारी आलीस. प्लेट उचललीस, प्रकाशाकडे धरलीस, फिरवलीस. विचारलंस, “ठिपका कुठे आहे?”

मी म्हटलं, “होता. पुसला गेला.”

हातात रबरी मोजे होते. ते मी संध्याकाळी तू जाईपर्यंत काढले नाहीत.

तुझ्या वहीत त्या दिवशी तीनच वाक्यं आहेत. ‘ठिपका नाही. सो. म्हणते पुसला. विश्वास ठेवते.’

मी ते पान वाचलं आणि वही मिटून स्वयंपाकघरात गेले आणि आईसाठी भात टाकला. दुसरं काय करणार होते माहीत नाही.

पन्नास घरांत बारा म्हणजे उलटीकडून एकोणचाळीस, तुझ्या घरांतली. तुझ्या म्हणून ज्या पंचवीस निकामी ठरल्या, त्या माझ्या होत्या. आठवड्याने बैठकीत डॉक्टर तुला म्हणाले की एवढ्या खाडाखोडीचं फळ शून्य, आणि मी म्हणाले, “इदानियाच्या यीस्टला समुद्र लागतो, इथे ते लाजतं.” सगळे हसले. तूही हसलीस. तीन आठवड्यांनी तू सामान बांधलंस.

सप्टेंबरमध्ये मला कळलं होतं. जानेवारीत मी व्यासपीठावर चढले. बूट टोचत होते म्हणून चेहरा तसा आहे असं आईला सांगितलं.

आता अभिमानाबद्दल. मागच्या पत्रात मी तो माझा म्हणून लिहिला, आणि अर्धा तो माझाच आहे, हे तुला मान्य करावं लागेल. टाकीत ते यीस्ट वाढवायला मला चार वर्षं लागली. दोनदा ते मेलं, एकदा आठ तास वीज नव्हती तेव्हा मी आणि पहारेकऱ्याने हाताने हवा भरून ते जगवलं. ते मी कुणाला देणार नाही. पण ते प्रथिन बाहेर का येतं हे मला सहा वर्षांत समजलं नव्हतं. मी बैठकांमध्ये कारणं द्यायचे, तापमान, साखर, माझा हात. सगळ्यांनी ती लिहून घेतली. कारण तू होतीस. त्या मजल्यावर आपल्या बुद्धीने काही करणारी एकच बाई होती आणि ती खराट्याच्या काड्या तासत बसायची. हे मी आता अर्जातल्या आकृतीकडे बघते तेव्हा मला इतकं बरं वाटतं, की स्वतःचं वाटलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

मंगळवारी वही आणि तो कागद घेऊन डॉक्टर एवेलिओंकडे गेले. त्यांनी बराच वेळ पान वाचलं. मग म्हणाले की अर्जाच्या प्रती छापून झाल्या आहेत, भाषांतर झालं आहे, आता हे उकरायचं म्हणजे चौकशी समिती, आणि तिथे मला काय काय ऐकावं लागेल याची कल्पना आहे का. शेवटी म्हणाले, “यातून तुला काय मिळणार, सोराइदा?”

मी म्हटलं, “डॉक्टर, अर्जात ती सात अक्षरं छापली आहेत. उद्या तपासणाऱ्याने विचारलं की हीच सात का, दुसरी का नाहीत, तर तुम्ही काय सांगाल? मला येत नाही. तिला येतं.”

त्यांनी चष्मा पुसला. मग कपाटातून कोरा फॉर्म काढून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, तिला सांग, मी पाटीबद्दल बोललो ते मागे घेतो.

समिती बसेल. माझं व्हायचं ते होईल. पदक परत द्यायला गेले तर कार्यालयातली बाई म्हणाली, पदक परत घेण्याचा फॉर्म नाही. ते आता आईच्या शिवणाच्या डब्यात आहे.

फेर्मिनकडेही जाऊन आले. त्याला म्हटलं, डुकरिणीचं नाव बदला, चुकून ठेवलं गेलं. तो म्हणाला, बाई, ती आता त्या नावाला ओ देते, तिला का त्रास. तिला मुली झाल्या आहेत, थोरलीला इदानिया म्हणतो. मी पाहिली. भावंडांना ढकलून पुढे येते आणि सगळ्यांआधी खाते.

फॉर्म सोबत आहे. पहिल्या ओळीत तुझं नाव मी टाइप केलं आहे, दुसरीत माझं. माझं काढलेलं नाही, का ते वर लिहिलं आहे. तुझ्या नावापुढे सही लागेल आणि मागच्या पानावर त्या सात अक्षरांचं कारण, तुझ्या हाताने. ते इथे कुणालाच लिहिता येणार नाही. तीस मे ही शेवटची तारीख आहे. मेर्सेदेसचा मुलगा पंचवीसला ओल्गीनहून निघतो.

सही करायची नसेल तर नको करूस. कोरा परत आला तर तसाच डॉक्टरांसमोर ठेवीन आणि कोरा का आहे ते सांगीन. तुझ्या बाबांना मात्र, सही कर किंवा नको करूस, सांग की गुइरापासून मातान्सासपर्यंत टोचलेल्या डुकरांसाठी एकही खड्डा खणावा लागलेला नाही, आणि ते त्यांच्या मुलीमुळे.

वडी रविवारी फोडेन, आईबरोबर. यामिलेला तसं सांग.

फॉर्मच्या वरच्या कडेला लाल ठिपका दिसेल. नवी बाटली घेतली. तो आधी लावला, मग हे पत्र लिहायला बसले.

तुझ्या एकोणचाळीस नंबरची राखणदार,
सोराइदा